अष्टागरांतील कोयता : पात्याची जाडी, उतार आणि तोल

जुन्या शस्त्रांच्या याद्या पाहण्याचा योग मला सेवानिवृत्तीनंतर पुष्कळदां आला. त्यांत पात्याची लांबी असते, मुठीवरील कामाचें वर्णन असतें, पात्यावर अक्षरें कोरलेलीं असल्यास त्यांचें वाचन असतें. पात्याची जाडी मात्र क्वचित् आढळते, आणि तें शस्त्र बोटावर कोठें तोलतें हें तर मीं अजून एकाहि यादींत वाचलेलें नाहीं. पोथीचें वर्णन करितांना पत्रांची लांबी-रुंदी, पृष्ठावरील ओळी, ओळींतील अक्षरें, समास, शाई, कागद, इतकेंच नव्हे तर कोणत्या पत्रास कसर लागली आहे हेंहि आपण टिपतों. लोखंडापाशीं आलों कीं आपली ही सूक्ष्म दृष्टि एकाएकीं मंदावते. पातें म्हणजे चपटें लोखंड. लांबी कळली कीं सर्व कळलें, अशी कांहींशी समजूत असावी. या समजुतीनें मीं स्वतः एकदां चुकीची चिठ्ठी लिहिली. ती हकीकत सांगून तीवरून निघणारा मुद्दा संग्राहकांपुढें मांडावा, हा या लेखाचा हेतु आहे.

रायगड जिल्ह्याच्या (१ जानेवारी १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्याच्या) किनाऱ्यावर अलिबागेपासून रेवदंडा-चौलापर्यंत पसरलेल्या वाड्यांच्या मुलखास अष्टागर म्हणतात. नारळी-पोफळीच्या या प्रदेशांत कोयता नाहीं असें घर सांपडणें कठीण. झावळ्या तोडणें, शहाळें तासणें, नारळ सोलणें, कुंपणाची काटेरी साफ करणें, भातशेतीच्या राबासाठीं कवळ तोडणें, हीं सर्व कामें त्याच्याच. लहान असेल तो कोयती, मोठा असेल तो कोयता. माडावर चढणारा मनुष्य कमरेस मागें लांकडाची आकडी बांधतो व तिच्या खांचेंत कोयती अडकवितो, म्हणजे दोन्ही हात खोडासाठीं मोकळे राहतात. मासळी कापण्याची मोरळी आणि भात कापण्याचा विळा हे याच कुळांतले. परंतु मोरळी पायाखालीं स्थिर असते आणि विळा ओढून चालवावयाचा असतो. प्रहार करण्यासाठीं उचलला जातो तो कोयताच, म्हणून तोलाचा प्रश्न खऱ्या अर्थानें त्याच्याच बाबतींत उद्भवतो.

शब्दाविषयीं थोडेंसें. संस्कृतांत या वर्गास दात्र व लवित्र असे दोन शब्द आहेत. दोन्ही तोडणें-कापणें या अर्थाच्या धातूंस साधनवाचक प्रत्यय लागून पाणिनीय रीतीनें सिद्ध होतात. कोयता मात्र त्यांपैकीं कोणाचाहि अपभ्रंश दिसत नाहीं. कन्नडांत 'कोय्' म्हणजे कापणें, खुडणें. आपला शब्द तिकडचा असावा असें मला वाटतें. म्हणजे तिन्ही नांवें कृतीवरूनच पडलेलीं. आकारावरून नांव न देतां कृतीवरून देण्यांत जुन्या लोकांनीं जें तारतम्य दाखविलें, तें आपल्या याद्यांत उतरलेलें नाहीं.

आतां मूळ हकीकत. चौलाकडील एका वाडींत जुनें घर उतरविलें जात असतां माळ्यावर दोन कोयते सांपडले. घरधन्यांनीं ते मजकडे आणिले आणि त्यांतील जड कोयता पुढें करून विचारलें, "गुरुजी, हें आंग्र्यांच्या वेळचें शस्त्र ना? हातांत घेतलें तरी कळतें, किती भारी आहे तें!" दुसरा कोयता त्यांस क्षुल्लक वाटला होता, आणि तो भंगारांत घालावा असा त्यांचा विचार होता.

मीं दोहोंचीं मापें घेतलीं. जड कोयत्याचें पातें ३० सेंटिमीटर लांब व सरासरी ६ सेंटिमीटर रुंद, टोंकाकडे किंचित् अधिक रुंद होऊन आंत वळलेली चोंच असलेलें. पाठीची जाडी मुठीजवळ ६ मिलिमीटर, मध्यें ५, चोंचीजवळहि ५. धारेचा उतार केवळ शेवटच्या दीड सेंटिमीटरांत. वरचें सर्व पातें पाटासारखें सपाट. मुठीसह वजन सुमारें ८३० ग्रॅम, आणि मुठीच्या तोंडापासून सुमारें ११ सेंटिमीटर पुढें तो बोटावर तोलला. दुसऱ्याचें पातें ३६ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद. पाठ मुठीजवळ ७ मिलिमीटर, मध्यें ५, टोंकाशीं ३. आणि उतार पाठीपासून थेट धारेपर्यंत गेलेला, म्हणजे आडवा छेद घेतल्यास पातें पाचरीसारखें. वजन सुमारें ५५० ग्रॅम, तोल मुठीपुढें साडेआठ सेंटिमीटरांवर.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. दुसरा कोयता सहा सेंटिमीटर लांब आहे आणि मुठीजवळ पहिल्याहून जाडहि आहे, तरी तो वजनानें जवळजवळ तिसरा हिस्सा हलका आणि हाताच्या अधिक जवळ तोलणारा. मुठीजवळची जाडी पाहून वजनाचा अदमास करणारा येथें हमखास चुकतो.

असें कां होतें हें समजण्यास शाळेंतील तरफेचा नियम पुरेसा आहे. समजा, ३० सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद व सर्वत्र ५ मिलिमीटर जाड अशी पोलादाची पट्टी घेतली. एका घन सेंटिमीटरास ७.८५ ग्रॅम या हिशेबानें तिचें वजन सुमारें ७०६ ग्रॅम होतें, व तिचा गुरुत्वमध्य बरोबर मधोमध, बुडापासून १५ सेंटिमीटरांवर असतो. आतां दुसरी पट्टी अशी घ्या कीं, लांबी-रुंदी तीच, परंतु जाडी बुडाशीं ७ मिलिमीटर व तेथून सारखी उतरत टोंकाशीं ३. वजनांत फरक नाहीं. गुरुत्वमध्य मात्र १३ सेंटिमीटरांवर आलेला. लांबी, रुंदी आणि वजन हीं तिन्ही मापें दोघींचीं एकच आहेत, म्हणजे आपल्या यादींत या दोन पट्ट्यांचें वर्णन अक्षरशः सारखें होईल. आणि हातांत घेणाऱ्यास त्या दोन निराळ्या वस्तू वाटतील. शिवाय फिरविण्यास होणारा विरोध अंतराच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें टोंकाकडील प्रत्येक ग्रॅम बुडाकडील ग्रॅमाहून कितीतरी पट जाचतो. वरील दुसरी पट्टी बुडाभोंवतीं फिरविण्यास पहिलीपेक्षां एक-पंचमांशानें कमी जोर पुरतो. तोल दोन सेंटिमीटर मागें येतो खरा, पण हातास सुख होतें तें त्याहून मोठें, हें यावरून दिसून येईल.

धारेच्या उताराचा परिणाम याहून थोडा गूढ आहे. सारख्या जाडीची पट्टी पाठीपासून धारेपर्यंत पाचरीसारखी उतरविली तर तिचें वजन निम्मे होतें. पण लांबींतील गुरुत्वमध्य जेथल्या तेथेंच राहतो, कारण सगळीकडून सारख्याच प्रमाणांत लोखंड गेलेलें असतें. मग तोल बदलावयाचें कारण काय? कारण मूठ. मुठीचें लांकूड, तिच्या तोंडावरील कडें व आंत गेलेलें पात्याचें शेपूट मिळून १०० ग्रॅम धरूं, व त्यांचा मध्य मुठीच्या तोंडामागें ६ सेंटिमीटरांवर धरूं. ७०६ ग्रॅमांच्या अखंड पट्टीपुढें ही मूठ दुबळी पडते आणि एकंदर तोल १२.४ सेंटिमीटर पुढें राहतो. पट्टी ३५३ ग्रॅमांची झाली कीं त्याच मुठीचा शब्द चालूं लागतो, व तोल १०.४ सेंटिमीटरांवर येतो. लोहारानें मुठीस हातहि लाविलेला नाहीं; त्यानें केवळ धारेकडील लोखंड काढलें, आणि तोल दोन सेंटिमीटर मागें आला. त्याबरोबर रुंदींतील मध्यहि सरकतो : अखंड पट्टींत तो पाठीपासून ३ सेंटिमीटरांवर होता, पाचरींत तो २ सेंटिमीटरांवर येतो. जडपणा धारेकडून पाठीकडे गेल्यामुळें अशा पात्यास पाठीचा हात मिळतो, असें जुने लोहार म्हणत, त्याचा अर्थ माझ्या मतें हाच.

उताराचे प्रकार कामावरून ठरतात. वाळलेल्या लांकडास जाड पाचर बरी. ती ढलपी उडविते व स्वतः मोकळी होते. ओल्या झावळीच्या देंठांत तंतू फार. तेथें पातळ पातें खोल जातें, परंतु अगदीं सपाट असेल तर दोन्ही अंगांनीं धरलें जाऊन अडकतें, म्हणून जाणता लोहार उतार किंचित् फुगीर, माशाच्या पोटासारखा ठेवितो. माडी काढणारा पोयीचे टोंक रोज पातळ कापतो. त्यास ठोकावयाचें नसून तासावयाचें असतें, व एकाच अंगानें उतरविलेली धार तेथें सोयीची पडते. मात्र एका अंगाच्या उताराचें पातें प्रहारास घेतलें कीं तें सपाट बाजूकडे ओढ घेतें. उजव्या हाताच्या मनुष्यासाठीं केलेलें असें पातें डावखोऱ्याच्या हातीं दिलें तर तो त्यास वाईट म्हणेल. दोष पात्याचा नव्हे. संग्रहांतील एखादें पातें एकाच अंगानें उतरलेलें आढळल्यास, ज्याच्या हातचें तें होतें तो उजवा होता कीं डावा, एवढी वार्ता कांहीं शतकांनंतरहि आपणांस मिळूं शकते. कागदपत्रांतून ही गोष्ट कळणें दुरापास्त.

या मापांवरून मीं असा निर्णय दिला कीं, जड कोयता हें अवजार आणि हलका, लांब, हाताकडे तोलणारा तोच शस्त्र. माझ्या निर्णयास ग्रंथाधारहि होता. धारच्या भोजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत खड्गपरीक्षेच्या प्रकरणीं मानाचा विचार करितांना आकारानें मोठें असून वजनास हलकें तें उत्तम, आणि आंखूड असून भारी तें अधम, असा अभिप्राय आहे. लांबी वाढवून वजन कमी करावयाचें तर जाडी सोडल्याखेरीज दुसरा मार्ग नाहीं. तेव्हां त्या एका वाक्यांत पात्याच्या उताराचें सर्व शास्त्र गर्भित आहे. वराहमिहिरानें 'बृहत्संहिते'च्या खड्गलक्षणाध्यायांत ५० अंगुळांचें खड्ग उत्तम व २५ अंगुळांचें कनिष्ठ सांगितलें. त्याची दृष्टि लांबीवर व पात्यावरील व्रणांच्या शुभाशुभावर अधिक. मात्र त्याच अध्यायांत पात्यास पाणी पाजण्याच्या ज्या कृति आहेत, त्यांत केळीची राख ताकांत कालवून दिवसभर ठेवण्याची एक आहे, आणि 'पायित' हा त्याचा शब्द व आपल्या लोहाराचें 'पाणी पाजणें' हे एकच आहेत. केळीच्या बागांतून राहणाऱ्या आम्हां लोकांस ती कृति वाचतांना घरची आठवण होते. असो.

तर मीं चिठ्ठी लिहिली : "शस्त्र, बहुधा आरमारी शिपायाचें." घरधनी संतुष्ट झाले, भंगाराचा बेत राहिला.

दोन-तीन महिन्यांनीं शेजारच्या वाडींत नारळ पाडावयास येणारे एक वृद्ध गृहस्थ माझ्या ओटीवर बसले होते. साठ वर्षें माडावर चढलेला मनुष्य. हलका कोयता भिंतीशीं टेकून ठेविला होता, तो त्यांनीं उचलला, मनगटांत दोनदां फिरविला, आणि म्हणाले, "हा कुणा चढणाऱ्याचा." मीं माझी शस्त्राची उपपत्ति सांगितली. ते हंसले. "गुरुजी, जमिनीवर उभा राहून तोडणाऱ्याला दोन पाय असतात, कंबर असते. माडावर आमचा एक हात खोडाला, पाय खोडाला. सगळा घाव मनगटाचा. पुढें जड कोयता घेऊन वर गेलों, आणि घाव चुकला, तर कोयता आपल्यालाच घेऊन खालीं येईल. चुकलेला घाव जाग्यावर थांबला पाहिजे."

या चार वाक्यांनीं माझी चिठ्ठी रद्द झाली. जमिनीवरचा मनुष्य कोयता डोक्यावर नेतो, सोडतो, आणि पुढचें काम वजन करितें. त्याला हत्यार परत आणावयाची घाई नसते, म्हणून जाडी टोंकापर्यंत राखलेलें पातें त्याला हवें. चढणाऱ्यास प्रत्येक घाव थांबवितां आला पाहिजे, वळवितां आला पाहिजे. हेंच तर लढणाऱ्यासहि लागतें! चुकलेला वार आवरतां न येणें हें दोघांसहि सारखेंच प्राणावर बेतणारें. म्हणून हाताकडे तोलणाऱ्या पात्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, हें आवरून मारण्याचें हत्यार आहे. तें शिपायाचें कीं माडकऱ्याचें, हें तोल सांगूं शकत नाहीं.

आणि आमच्या किनाऱ्यावर तर हे दोघे पुष्कळदां एकच होते. माडी काढण्याचा धंदा करणाऱ्या भंडारी समाजांतून शिवाजी महाराजांच्या आरमारांत लोक होते. १६७९ सालीं खांदेरीचें बेट हस्तगत करून इंग्रजांस न जुमानतां तेथें ठाण मांडणारा मायनाक भंडारी हा इतिहासांत प्रसिद्धच आहे. डोलकाठीवर चढणें आणि माडावर चढणें यांत शरीराला फारसा भेद नाहीं. अशा मनुष्याच्या कमरेचा कोयता घरीं अवजार व गलबतावर शस्त्र ठरला असेल, तर तो कोणत्या यादींत घालावयाचा? 'राजव्यवहारकोशां'त शस्त्रवर्ग निराळा व जनपदवर्ग निराळा केलेला आहे, कोशकारास तसें करणें प्राप्तच असतें. परंतु वस्तू कोशाच्या वर्गांप्रमाणें वागत नाहींत. कौटिल्य या बाबतींत अधिक व्यवहारी दिसतो. 'अर्थशास्त्रा'च्या दुसऱ्या अधिकरणांत आयुधागाराध्यक्षाच्या ताब्यांतील वस्तू मोजतांना परशु व कुठार यांच्याच पंक्तीस त्यानें खनित्र, कुद्दाल, करवत आणि 'काण्डच्छेदन' यांस बसविलें आहे, व या सर्वांस मिळून क्षुरकल्प हें नांव दिलें आहे. काण्डच्छेदन म्हणजे शब्दशः बुंधा तोडण्याचें साधन. तें कुऱ्हाडीचाच एक प्रकार मानण्याकडे कल असतो. पण बुंधा तोडण्याचें साधन राजाच्या शस्त्रागारांत होतें, इतकें तरी त्यावरून निश्चित.

उलट बाजूचें उदाहरण कूर्गचें. तेथील कोडव लोकांची आयुधकत्ती रुंद, आंतल्या अंगास वळलेली व टोंकाकडे भारी असते, आणि ती म्यानाशिवाय कमरेमागें पितळी आकड्यांत, ज्यास ते तोडंग म्हणतात, अडकवीत. आमच्या लांकडी आकडीचीच ती धनाढ्य बहीण म्हणावयाची. ही कत्ती पुढें भारी असूनहि शस्त्र म्हणून मानली गेली, तिच्या नांवांतच आयुध शब्द आहे. तेव्हां 'पुढें जड तें अवजार, हाताकडे जड तें शस्त्र' हा जो सोपा नियम मीं मनांत बांधला होता, तो दोन्ही टोंकांनीं तुटतो.

मग मापें घेण्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग असा कीं, घाव कसा घातला जात असे हें तीं निश्चित सांगतात. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, आज हातांत असलेलें पातें मुळांत कसें होतें, याचाहि शोध त्यांवरून लागतो. जुना कोयता म्हणजे अनेक हातांनीं शोधलेली पोथी. दर पावसाळ्यापूर्वीं त्यास धार लागते, धार फार झिजली कीं लोहाराकडे नेऊन शेवटून आणतात, मूठ तर मनुष्याच्या आयुष्यांत दोन-चारदां बदलते. मूळ पाठ कोणता आणि प्रक्षेप कोणता, हा प्रश्न येथेंहि आहेच.

यांत एक चमत्कारिक गोष्ट गणितानें बाहेर येते. पाठीपासून धारेपर्यंत पाचरीसारख्या उतरलेल्या पात्याची चौथाई रुंदी झिजून गेली, तर दिसावयास तें पार बारीक होतें. पण त्याचें वजन केवळ सोळाव्या हिश्श्यानें घटतें, कारण धारेकडे लोखंड मुळांतच थोडें. उलट जड कोयत्यासारख्या, केवळ कडेस उतार असलेल्या पात्याची चौथाई रुंदी जाऊन तसाच उतार पुन्हां काढला, तर वजन चौथाईहून अधिक कमी होतें व तोल मुठीकडे सरकतो. म्हणजे झिजलेल्या पातळ पात्याचा तोल हा बहुतांशीं मूळ कर्त्याचाच समजावा. झिजलेल्या जाड पात्याचा तोल हा झिजेनें दिलेला. शेवटतांना धारेस नवें पोलाद जोडलें असेल तर सांध्याची रेघ पाण्यानें पुसून तिरप्या उजेडांत पाहिल्यास बहुधा दिसते.

झीज ओळखण्याची दुसरी खूण धारेमागील जाडी. ५ मिलिमीटर पाठीचें व ६ सेंटिमीटर रुंदीचें पाचरी पातें दीड सेंटिमीटर झिजलें कीं नवी धार सव्वा मिलिमीटर जाडीच्या लोखंडांतून काढावी लागते. त्यामुळें धारेशीं एक आंखूड, बोथट असा दुसरा उतार तयार होतो. वरचा लांब उतार पहिल्या लोहाराचा, खालचा आंखूड उतार नंतरच्या हातांचा. आमच्या हलक्या कोयत्यावर असा दुसरा उतार आहे, आणि तो टोंकाकडील वीतभर भागांत अधिक रुंद आहे. वृद्ध गृहस्थांनीं अंगठ्यानें तोच भाग मला दाखविला होता.

कालनिर्णयासहि जाडी थोडीशी साह्य करिते. घणानें ओढलेल्या पात्याची पाठ कधींहि एकसारखी नसते. बोटाबोटाच्या अंतरानें ती चढते-उतरते. पाठ आरंभापासून शेवटपर्यंत सारखीच भरली, तर यंत्रांतून काढलेल्या पट्टीचा संशय घ्यावा. अलीकडचे कोयते पुष्कळसे मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांतून केलेले असतात. पोलाद उत्तम, परंतु पाट्याची जाडी मुळांतच सारखी, आणि ती ठोकून टोंकाकडे उतरविण्याचे श्रम घेतले नाहींत तर कोयता पुढें जड राहतो. आजचे कोयते हाताला लागतात, अशी तक्रार वाड्यांतून ऐकूं येते, तिचें कारण पोलादांत नसून या न घेतलेल्या श्रमांत आहे.

कायद्याचा एक प्रश्न संग्राहकांस व्यवहारतः भेडसावतो म्हणून त्याचा उल्लेख करितों. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत केवळ घरगुती वा शेतकीच्या उपयोगासाठीं बनविलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या आहेत. आणि १९६२ च्या शस्त्रनियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा जो वर्ग केला, त्यांतहि घरगुती व शेतकी वस्तूंचा अपवाद होता. कायदा लांबी-रुंदी पाहतो, जाडी पाहत नाहीं. आपले दोन्ही कोयते नऊ इंचांहून लांब आहेत. अशा वस्तूवर 'आरमारी शिपायाचें शस्त्र' अशी चिठ्ठी पुराव्याशिवाय चिकटविणें हें केवळ विद्वत्तेच्या दृष्टीनें अनुचित नाहीं. ज्याच्या घरीं ती वस्तु आहे त्या गरीब माणसास उद्यां तिचा जाब द्यावा लागेल, याचाहि विचार चिठ्ठी लिहिणारानें करावा.

मापें घेण्याची रीत सोपी आहे. पाठीची जाडी तीन ठिकाणीं घ्यावी : मुठीच्या तोंडाशीं, मध्यें, व टोंकापासून दोन बोटें मागें. त्याच तीन ठिकाणीं धारेपासून एक सेंटिमीटर आंत पुन्हां जाडी घ्यावी. गंज जाड असेल तेथें माप घेऊं नये, आणि मापासाठीं गंज खरवडूंहि नये. उतार एका अंगास कीं दोन्ही, सपाट कीं फुगीर, कोठून सुरू होतो, हें लिहावें. तोल पाहण्यास पातें एका पातळ फळीच्या कडेवर आडवें ठेवून मागें-पुढें सरकवावें. बोटावर पाहिलें तरी चालेल, मात्र पातें गंजलेलें असलें तरी धार धारच असते हें विसरूं नये. मूठ मूळची कीं मागाहून बसविलेली, हें अवश्य नोंदावें, कारण पन्नास ग्रॅम अधिक वजनाची मूठ हलक्या पात्याचा तोल एक सेंटिमीटराहून अधिक मागें आणूं शकते. मूठ मुळींच नसेल तर उघड्या पात्याचा तोल लिहून तसें स्पष्ट म्हणावें. दोन प्रकारचे आंकडे एका रकान्यांत मिसळूं नयेत.

सुपारी कातरणाऱ्या अडकित्त्यांचे उत्कृष्ट संग्रह आपल्याकडे आहेत. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांतील अडकित्ते पाहून कोणाचें मन हरखणार नाहीं? ज्या कोयतीनें ती सुपारी पोफळीवरून खालीं उतरली, ती मात्र नक्षी नसल्यामुळें अजून कोणाच्या दृष्टीस पडलेली नाहीं, आणि वाडीवाडींतून ती किलोच्या भावानें भंगारवाल्याच्या गाड्यावर चढत आहे. खंडेनवमीस तलवारीशेजारीं जिला गंधाक्षता मिळतात, तिला यादींत एक ओळ मिळावयास हरकत नसावी.

हलक्या कोयत्यावरील माझी पहिली चिठ्ठी मीं काढून टाकली. नव्या चिठ्ठीवर मापें आहेत, दुसऱ्या उताराचें वर्णन आहे, आणि 'हाताकडे तोलणारा. आवरून घाव घालण्याचा' एवढेंच लिहिलें आहे. जड कोयता घरधन्यांनीं परत नेला व तो सध्यां झावळ्या तोडण्याच्या कामीं लागला आहे. त्याची मूठ गेल्या पावसाळ्यांत बदलली. वर दिलेलीं मापें जुन्या मुठीसहचीं आहेत.